पॅरिसच्या सभेत आपला मराठवाडा

श्रोतेहो, आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ज्याला आम्ही जुनी माणसे अजूनही सवयीने औरंगाबाद म्हणून जातो त्या शहरात, क्रांती चौक नावाचा एक प्रशस्त चौक आहे. तेथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि त्याच परिसरात काळा चबुतरा म्हणून ओळखले जाणारे एक स्थळ आहे. पुतळ्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष सहज जाते; चबुतऱ्याकडे मात्र कोणी सांगितल्याखेरीज सहसा जात नाही. १८५७ च्या जून महिन्यात ह्या शहराच्या छावणीतील हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ बिथरले. आपल्याला आपल्याच माणसांवर चालून जावे लागणार, अशी शंका त्या स्वारांच्या मनात शिरली होती. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला, लष्करी न्यायालय बसले, आणि मीर फिदा अली नावाच्या दफेदारास फाशी देण्यात आले. कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या हुतात्म्यांची आठवण म्हणजे हा काळा चबुतरा, आणि चौकाच्या नावातील 'क्रांती' हीही तीच.

त्या स्वारांची बाजू ऐकून घेणारे कोणतेही आसन त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. ज्याच्या हाती तोफ त्याच्याच हाती न्याय. पुढे एक्याण्णव वर्षांनी मात्र एक निराळीच गोष्ट घडली. ज्या हैदराबाद संस्थानात आमचे औरंगाबाद मोडत होते, त्याच संस्थानाच्या सरकारने हिंदुस्थानविरुद्ध एक तक्रार सातासमुद्रापलीकडे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे नेली, आणि पॅरिस शहरात जगातील अकरा राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर आपल्या मराठवाड्याचे भवितव्य चर्चेस आले. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला आठवतो. परंतु त्यातील पॅरिसचे हे प्रकरण फार थोड्यांच्या स्मरणात आहे. मी शाळेत हा भाग शिकवीत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले होते, "गुरुजी, निजामाने तक्रार केली, मग निकाल काय लागला?" त्या वेळी मी "निकाल लागला नाही" एवढेच उत्तर देऊन पुढच्या प्रकरणाकडे वळलो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. ते उत्तर आज पुरे करावे, असा माझा हेतू आहे.

प्रथम ही आसने कोणती, ते थोडक्यात पाहू. मराठ्यांच्या राज्यात गावच्या वतनाचा किंवा सीमेचा तंटा निघाला, म्हणजे त्याचा निवाडा दोन अंगांनी होत असे. एक अंग दिवाणाचे, म्हणजे सरकारी अधिकाराचे, आणि दुसरे गोताचे. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्याबरोबर बलुतेदारही बसत. निर्णयाचा महजर तयार झाला की त्यावर जो तो आपली खूण करी. कुणबी नांगर काढी. दिवाणाच्या पदरी शिपाई होते, गोताच्या पदरी एकही नव्हता. तरीसुद्धा गोताची साक्ष नसलेला निवाडा लोकांच्या मनाला पटत नसे, आणि दिवाणाने पाठ फिरविली तर गोताचा निवाडा अमलात येत नसे. दोन्ही अंगे एकत्र आली तेव्हाच तंटा खऱ्या अर्थाने मिटे.

२६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ज्या सनदेवर पन्नास राष्ट्रांनी सह्या केल्या, तिच्यातही अशीच दोन अंगे आहेत. सुरक्षा समिती हे दिवाणाचे अंग. शांतता व सुरक्षितता राखण्याची मुख्य जबाबदारी चोविसाव्या कलमाने तिच्यावर टाकलेली आहे. आर्थिक बहिष्कार पुकारणे, सैन्य वापरणे ही सारी हत्यारे तिच्या हाती आहेत. परंतु तिच्यातील अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन ह्या पाच कायम सभासदांपैकी एकाने जरी नकार दिला, तरी महत्त्वाचा ठराव पडतो. आमसभा हे गोताचे अंग. तेथे प्रत्येक राष्ट्राला एक मत, मग ते बलाढ्य असो वा दुबळे. आमसभेने शांततेच्या कोणत्याही प्रश्नावर बोलावे, शिफारस करावी, इतकी मोकळीक सनदेने दिली; पण बाराव्या कलमाने तिला एक लगामही घातला. जो तंटा सुरक्षा समितीपुढे चालू असेल, त्यावर समितीने विचारल्याखेरीज आमसभेने शिफारस करावयाची नाही. शिवाय दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमात आणखी एक कुंपण आहे : जी बाब एखाद्या राष्ट्राच्या घरगुती अधिकारातील असेल, तीत संघाने हात घालू नये.

ह्या शेवटच्या कुंपणावरून हिंदुस्थानने १९४६ सालीच एक मोठा सामना दिला होता. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवर वर्णद्वेषी कायदे लादले गेले, तेव्हा आपल्या शिष्टमंडळाने ते गाऱ्हाणे आमसभेपुढे नेले. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, मूळच्या कोकणातील पंडित घराण्याची सून. हा आमचा घरगुती मामला आहे, असे आफ्रिकेचे जनरल स्मट्स म्हणाले. तो आक्षेप आमसभेने मानला नाही, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव संमत झाला. आपले स्वातंत्र्य तेव्हा आठ महिने दूर होते. गोताचे बळ म्हणजे काय असते, हे आपण असे अगदी आरंभीच अनुभवले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण दोनच वर्षांनी पारडे फिरणार होते.

आता हैदराबादकडे येऊ. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख वस्तीचे आणि ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठे हे संस्थान चहूबाजूंनी हिंदुस्थानने वेढलेले होते. त्यात तेलंगण, कर्नाटक आणि मराठवाडा असे तीन भाषांचे प्रदेश होते. इंग्रज जाणार असे ठरताच निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थानशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला, पण तो दोन्हीकडून आरोपप्रत्यारोपांतच गेला. इकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही तुरुंगात होते, आणि खेड्यापाड्यांत कासीम रझवीच्या रझाकारांनी दहशत बसविली होती. माझे वडील त्या वेळी अठरा वर्षांचे होते. अंबड तालुक्यातील आमच्या गावाहून रात्रीचा प्रवास करीत ते सरहद्दीपलीकडे मनमाडास कसे पोचले, हे ते सांगू लागले म्हणजे आम्ही मुले जेवण विसरत असू.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा समितीच्या अध्यक्षांकडे तार केली. हिंदुस्थान आमची नाकेबंदी करीत आहे, आमच्या सरहद्दीवर हल्ले होत आहेत, तरी समितीने ह्यात लक्ष घालावे, असा तिचा आशय होता. आधार घेतला होता पस्तिसाव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा. जे राष्ट्र संघाचे सभासद नाही तेही आपला तंटा समितीपुढे आणू शकते, असे ते पोटकलम सांगते. आता योगायोग पाहा. ज्या दिवशी शांततेच्या नावाने ही तार गेली, त्याच दिवशीची रात्र उलटत असता हैदराबाद शहरात 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. त्यांचा गुन्हा इतकाच, की संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे असे ते आपल्या पत्रात निर्भयपणे लिहीत होते. तार पाठविणारे सरकार प्रजेच्या वतीने बोलत होते की केवळ सिंहासनाच्या वतीने, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एका रात्रीत मिळते.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य चढाई सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली होती. दुसरी फळी पश्चिमेकडून मराठवाड्यात उतरली. दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेस, औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली. १६ सप्टेंबर रोजी, म्हणजे लढाई चालू असतानाच, पॅरिसच्या पॅले द शायो ह्या भव्य इमारतीत सुरक्षा समिती बसली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. हैदराबादचे शिष्टमंडळ नवाब मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली येऊन दाखल झाले होते. हिंदुस्थानची बाजू मांडावयास सर रामस्वामी मुदलियार उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत हिंदुस्थानच्या वतीने सनदेवर सही करणाऱ्यांपैकी ते एक होते. हैदराबाद हे मुळी आंतरराष्ट्रीय अर्थाने राष्ट्रच नाही, तेव्हा त्याला येथे उभे राहण्याचा अधिकार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही ह्यावर मते पडली. आठ जण अनुकूल, आणि रशिया, युक्रेन व चीन हे तिघे तटस्थ. विषय घेतला गेला, परंतु अधिकाराचा प्रश्न मोकळाच राहिला.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला सायंकाळी निजामांनी शस्त्रसंधी जाहीर केली, आणि १८ तारखेस त्यांचे सेनापती एल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती दिली. २० तारखेस पॅरिसला समिती पुन्हा बसली तेव्हा ज्या लढाईविषयी बोलावयाचे ती संपलेली होती. २२ तारखेस खुद्द निजामांची तार आली : तक्रार मागे घेत आहोत. २८ तारखेच्या बैठकीत मोठा पेच पडला. समोर बसलेले शिष्टमंडळ म्हणे, ही तार दडपणाखाली आलेली आहे. आमची मुखत्यारी कायम आहे. पण ज्या धन्याने वकील नेमला तोच वकिलास काढतो म्हटल्यावर वकिलाने कोणासाठी बोलावे? समितीने कसलाही निर्णय न घेता सभा तहकूब केली. पुढे १९४९ च्या मे महिन्यात १९ व २४ तारखांस पुन्हा दोन बैठकी झाल्या, पाकिस्तानने आपले म्हणणे मांडले, हिंदुस्थानने उत्तर दिले, आणि त्यानंतर समितीने ह्या विषयावर चर्चा केली नाही. मौज अशी, की 'हैदराबादचा प्रश्न' हे शब्द समितीच्या प्रलंबित कामांच्या यादीत त्यानंतरही अनेक दशके तसेच राहिले. संस्थान गेले, १९५६ साली त्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मराठी मुलुखास मिळाला, १९६७ साली निजामही वारले. पण तंटा कागदावर जिवंत राहिला.

श्रोतेहो, हैदराबाद हिंदी संघराज्यात आले हे योग्यच झाले, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रजेचा कौल कोणीकडे होता, हे आमच्या घरोघरच्या आठवणी सांगतात. तरीदेखील इतिहासाच्या शिक्षकाने आपल्या सोयीची तेवढीच पाने वाचू नयेत. १९४६ साली 'घरगुती मामला' हे कुंपण आपण ओलांडले, आणि १९४८ साली त्याच जातीच्या कुंपणाआड आपण उभे राहिलो. दोन्ही वेळची आपली बाजू न्याय्य होती असे मी मानतो. पण युक्तिवाद एकमेकांच्या उलट होते, हे नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून जड आहे. पोलीस कारवाई संपल्यावर संस्थानातील अनेक भागांत, विशेषतः उस्मानाबाद, बीदर, नांदेड व गुलबर्गा ह्या जिल्ह्यांत, निरपराध मुसलमान रयतेवर भयंकर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार आदींची समिती सरकारनेच पाहणीस पाठविली होती. मृतांचा आकडा सत्तावीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत असावा, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. माझे वडील मनमाडाहून घरी परतले तेव्हा आमच्या शेजारच्या विणकराचे घर रिकामे होते. माग जागच्या जागी होता, त्यावर अर्धे विणलेले कापड होते. रझाकारांच्या धामधुमीत ह्याच विणकराने माझ्या आजीला आपल्या घरात लपविले होते. ते कुटुंब पुन्हा आले नाही. वडील ही हकीकत सांगत, पण शेवटचे वाक्य नेहमी हळू आवाजात सांगत.

तेव्हा माझा त्या विद्यार्थ्याला पहिला जबाब असा, की पॅरिसला जी चर्चा झाली ती सिंहासन आणि सरकार ह्यांच्या अधिकारांची झाली. त्या विणकराची, माझ्या आजीची, शोएबुल्ला खानांची झाली नाही. रझाकारांच्या वेळी काय चालले होते हे पाहावयास कोणी तटस्थ माणूस आला नाही, आणि नंतर काय झाले हे पाहावयासही आला नाही. वकिलाची मुखत्यारी खरी की खोटी, एवढ्यावरच दिवाणाचा खल थांबला. आणि गोत कोठे होते? गोत त्याच इमारतीत होते! २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्याच पॅले द शायोमध्ये आमसभेचे तिसरे अधिवेशन सुरू झाले, आणि त्याच अधिवेशनात १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. त्या जाहीरनाम्यातील 'सर्व पुरुष' ह्या अर्थी वाचता येण्याजोगे शब्द काढून 'सर्व मानव' असे शब्द घालावयास लावणाऱ्या हंसा मेहता ह्या आपल्या मुंबईच्याच कार्यकर्त्या. एका दालनात माणसाच्या हक्कांचे शब्द घोटीव होत होते, आणि दुसऱ्या दालनात माणसाचा तंटा तहकूब होत होता. मधली भिंत बाराव्या कलमाची.

ही भिंत पुढे कशी थोडीथोडी ढासळली, ते आता सांगतो. असा प्रयत्न त्याहीपूर्वी झाला होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघात मांचुरियाचे प्रकरण अखेरीस सभेपुढे गेले, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये ४२ विरुद्ध १ मताने जपानला दोष देण्यात आला. ते एक मत खुद्द जपानचे. जपान सभेतून उठून गेला, आणि मांचुरिया त्याच्याच हाती राहिला. दिवाणाने साथ दिली नाही तर गोताचा महजर कागदच राहतो, हा तो धडा.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि रशियाच्या नकाराधिकारामुळे सुरक्षा समिती अडून पडली. तेव्हा ३ नोव्हेंबर १९५० रोजी आमसभेने 'शांततेसाठी एकजूट' नावाचा ठराव केला. समिती नकाराधिकाराने पांगळी झाली असेल, तर आमसभेने चोवीस तासांत तातडीचे अधिवेशन भरवावे आणि सैन्य वापरण्यापर्यंतची शिफारस करावी, असे तीत ठरले. ५२ राष्ट्रे अनुकूल, ५ प्रतिकूल; आणि हिंदुस्थान व अर्जेंटिना तटस्थ. ज्या हिंदुस्थानला १९४६ साली आमसभेने हात दिला, तो तटस्थ का राहिला? आमसभा ही समेटाची जागा आहे, ती एका गटाची युद्धसभा बनू नये, ही आपली धास्ती होती. ही धास्ती निराधार नव्हती, आणि ती नुसती बोलून न दाखविता दुसरा मार्ग कोणता, हेही आपण लवकरच दाखविले.

कोरियातील तहाची बोलणी युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडली होती. जे कैदी मायदेशी जाण्यास नाखूष आहेत त्यांना बळाने पाठवावे की नाही? हिंदुस्थानच्या कृष्ण मेनन यांनी तोडगा मांडला, आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी उचलून धरला. रशियाने प्रथम विरोध केला. पण पुढे २७ जुलै १९५३ च्या तहात ह्या प्रश्नाची सोडवणूक बव्हंशी त्याच धर्तीवर झाली. बावीस हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळण्यास एक तटस्थ फौज हवी होती. ती हिंदुस्थानची गेली, आणि तिचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी हिंदी शिपायांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरांतून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. एकदा कैद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्यास कुंपणाआड ओढून नेले. थोरात गोळीबाराचा हुकूम देऊ शकले असते. ते मूठभर सहकाऱ्यांसह स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलत बसले, आणि आपला माणूस सोडवून बाहेर आले. विजय मिळविणाऱ्या सेनापतींची चरित्रे आपण मुलांना सांगतो; बंदूक जवळ असून ती न चालविणाऱ्या ह्या सेनापतीचे चरित्रही सांगावे असे मला नेहमी वाटत आले.

१९५६ साली सुएझच्या कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल इजिप्तवर चालून गेले. समितीत ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी आपला नकाराधिकार वापरला. तेव्हा १९५० चा तो ठराव कामी आला. १ नोव्हेंबरला आमसभेचे पहिले तातडीचे अधिवेशन भरले, आठवड्याच्या आत संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली सशस्त्र शांतिसेना उभी करण्याचे ठरले, आणि त्या सेनेत हिंदी पलटणी १९६७ पर्यंत वाळवंटात पहारा देत राहिल्या. दिवाण अडला असता गोताने आपला पहारेकरी नेमल्याचे हे ठळक उदाहरण. अर्थात अमेरिका व रशिया दोघेही त्या प्रसंगी आमसभेच्या बाजूने होते, हेही विसरता कामा नये.

आणि आता गोवा. गोव्याचे उदाहरण हैदराबादच्या शेजारी ठेवून पाहावे असे आहे. गोवा हा आमचा सागरपार प्रांतच आहे, वसाहत नव्हे, असे पोर्तुगाल म्हणत असे; म्हणजे पुन्हा तोच 'घरगुती मामला'. परंतु १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींच्या मुक्ततेचा जाहीरनामा केला, आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या कोणकोणत्या मुलुखांना स्वराज्य नाही त्यांची यादी ठरावात घातली. त्या यादीत गोव्याचे नाव होते. वर्षभराने, १८ डिसेंबर १९६१ रोजी, हिंदी फौजा गोव्यात उतरल्या. सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान ह्यांनी फौजा मागे घेण्याचा ठराव आणला. सात मते अनुकूल पडली, पण चार प्रतिकूल मतांत रशियाचे मत असल्यामुळे ठराव बाद झाला. आपण ह्या वेळी नकाराधिकाराच्या छत्राखाली सुटलो, हे खरे. तथापि लंका, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक ही तीन राष्ट्रेही आपल्या बाजूस उभी राहिली. त्यांच्या पाठीशी नकाराधिकार नव्हता, आमसभेने वर्षापूर्वी उच्चारलेला शब्द होता. हैदराबादच्या वेळी असा शब्द कोणी उच्चारलेलाच नव्हता. म्हणून तेथे सारा खल मुखत्यारपत्रावर येऊन ठेपला. आमसभेचा शब्द तोफ थांबवीत नाही. पण कोणत्या तोफेच्या बाजूने न्याय आहे, हे ठरविण्याचे माप तो जगाच्या हाती देतो.

आजची स्थिती काय आहे? सभासद राष्ट्रे एकशे त्र्याण्णव झाली. नकाराधिकार मात्र त्याच पाचांच्या हाती आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली, समिती अडली, आणि तेच १९५० चे हत्यार पुन्हा बाहेर काढावे लागले. २ मार्च २०२२ रोजी आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी चढाईचा निषेध केला. ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत भारतही होता. युद्ध काही त्यामुळे थांबले नाही. त्याच वर्षी २६ एप्रिलला आमसभेने आणखी एक ठराव केला : ह्यापुढे कोणत्याही कायम सभासदाने नकाराधिकार वापरला, तर दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेने बसून त्यावर चर्चा करावी. पाऊल लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. जो अडवितो त्याने निदान सर्व गोतासमोर उभे राहून का अडविले ते सांगावे, इतकी लाज तरी त्यात शिल्लक आहे.

आमसभेचे बळ वाढवा असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तिला स्वतःचे सैन्य द्या असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल जाते. मला मराठवाड्याच्या अनुभवावरून इतकेच सुचते, की तिला प्रथम डोळे द्यावेत. जेथे तंटा पेटण्याचा संभव आहे तेथे तिची तटस्थ माणसे वेळेवर पोचावीत, त्यांनी पाहिलेले सर्व जगापुढे उघड व्हावे, आणि तंटा मिटल्यावरही ती माणसे काही काळ तेथे राहावीत. १९४८ च्या ऑगस्टात असे डोळे मराठवाड्यात असते, तर कोण कोणाच्या वतीने तार करीत आहे हे पॅरिसला कळले असते. ते ऑक्टोबरातही येथे राहिले असते, तर आमच्या शेजारचा माग कदाचित रिकामा पडला नसता. आपल्यावर असे डोळे रोखलेले कोणत्याही राष्ट्रास आवडत नाहीत, आपल्यालाही आवडणार नाहीत. पण जे आपण दक्षिण आफ्रिकेसाठी मागितले ते स्वतःसाठी नाकारले, तर आपल्या मागणीचे वजन राहत नाही.

तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. त्याला मी आज एवढेच सांगेन : बाळा, निकाल लागला नाही, कारण दिवाणाने दार लावून घेतले, आणि गोताला कोणी विचारलेच नाही. क्रांती चौकातून जाताना पुतळ्यास वंदन कर, आणि क्षणभर काळ्या चबुतऱ्यापाशीही थांब. तेथे ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांच्यासारख्यांना बोलता यावे म्हणूनच माणसांनी ही जगाची सभा उभारली आहे. ती सभा अजून अपुरी आहे. पण ती मोडण्याजोगी नाही, सुधारण्याजोगी आहे.